‘न मम’ : सार्वजनिक होमाचे मर्म

शारदीय नवरात्रातील अष्टमी-नवमी समीप आली, की गावोगावच्या देवालयांतून होमाची सिद्धता सुरू होते. मंडप उभे राहतात, कुंडे सारवली जातात, समिधांच्या मोळ्या येऊन पडतात. कुठे नवचंडी, कुठे शतचंडी. आता तर पेठापेठांतून आणि नव्या वसाहतींतूनही सार्वजनिक याग होतात. ही श्रद्धा आनंददायकच होय. परंतु अनेकजण जमले एवढ्यानेच होम सामुदायिक होतो काय, याचा विचार या पर्वकाळी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शास्त्रकारांनी यज्ञाची तीन अंगे सांगितली आहेत : द्रव्य, देवता आणि त्याग. तूप, तीळ, पायस हे द्रव्य. जिच्या नावे आहुती द्यावयाची ती देवता. तिसरे अंग मात्र यजमानाच्या मुखातील दोन लहानशा शब्दांत आहे : ‘न मम’, म्हणजे ‘हे माझे नव्हे’. आहुती पडते ती ऋत्विजांच्या हातून. पण द्रव्यावरील स्वामित्व सुटते ते यजमानाच्या या उच्चाराने. ते सुटले नाही, तर कुंडात जळते ते केवळ तूप.

प्राचीनांनी हा विचार ‘सत्र’ नामक सोमयागात पूर्णत्वास नेला. बारा वा त्याहून अधिक दिवस चालणाऱ्या या यागास किमान 17 आणि कमाल 24 जण बसत. तेच ऋत्विज आणि तेच यजमान. त्यामुळे कोणी कोणास दक्षिणा देत नसे, आणि फळ सर्वांस सारखे. केरळातील पांजाळ येथे 1975 साली नंबुद्री वैदिकांनी अग्निचयन केले, ते सत्र नव्हते. तथापि त्यागाचे दर्शन तेथेही घडले. सुमारे एक हजार विटांची पक्ष्याच्या आकाराची चिती रचून बारा दिवस कर्म चालले. पशूऐवजी तांदळाच्या पिठाचे हविर्द्रव्य योजले होते. आणि सरतेशेवटी यज्ञमंडपच अग्नीच्या स्वाधीन करण्यात आला!

आपल्या परिचयाच्या ग्रहयज्ञाकडे पाहावे. पिंपळ, उंबर, खैर या वृक्षांच्या पंक्तीस तेथे रुई, आघाडा आणि पायदळी तुडविली जाणारी दूर्वाही बसते. गुरूला पिंपळ, तर बुधाला आघाडा. एकही समिधा उणी असून चालत नाही. समिधांच्या बाबतीत आपण जो न्याय पाळतो, तो माणसांच्या बाबतीत का पाळू नये?

आज पुष्कळ ठिकाणी यजमानपद वर्गणीच्या आकड्यावर ठरते. मोठ्या देणगीदाराचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते आणि ज्या माउलीने पहाटे उठून मंडप सारवला, जिने पायस रांधले, ज्या गड्याने रानातून समिधा आणल्या, ती मंडळी कनातीबाहेर उभी असतात. नावाचा असा घोष झाला, की ‘न मम’ मधील ‘न’ गळून ‘मम’ तेवढे उरते.

यावर उपाय अवघड नाही. संकल्पात समस्त ग्रामस्थांचा उच्चार असावा. पूर्णाहुतीच्या श्रीफळास सर्वांचा हात लागावा. ते शक्य नसेल तेथे हाताला हात लावून उभे राहावे. मंडपात बसलेल्या प्रत्येकाने ‘स्वाहा’ ऐकताच मनोमन ‘न मम’ म्हणावे. अनुष्ठानाची सांगता अन्नसंतर्पणाने करण्याची परंपरा आहे. जपाच्या दशांशाने होम, त्याच्या दशांशाने तर्पण, मग मार्जन आणि शेवटी ब्राह्मणभोजन. कुंडातील अग्नीपासून निघालेले हे दान जठराग्नीपर्यंत पोहोचते, तेव्हाच कर्म पुरे होते. म्हणून तुपाच्या धारा थोड्या आखडल्या तरी चालतील. पंगतीचे दार आखडू नये.

ज्ञानेश्वर माउलींनी तिसऱ्या अध्यायात स्वधर्मालाच नित्ययज्ञ म्हटले आहे. तेव्हा ज्यांच्या घरी कुंड नाही, त्यांनीही खंत करू नये. भुकेल्यास वाढलेल्या घासामागे ‘हे माझे नव्हे’ एवढा भाव असला, की तीही आहुतीच.

होम शांत झाल्यावर रक्षा लावताना कपाळ कोणाचे, हे कोणी पाहत नाही. तीच समदृष्टी मंडप उतरल्यावरही आपल्या ठायी राहो, हीच जगदंबेच्या चरणी आमची प्रार्थना.