बुडालेल्या वनातील मासेमारी

धरण बांधताना बुडीत क्षेत्रातील झाडे पुष्कळदा आधीच तोडली जातात. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ईशान्य भागात असलेल्या लेक फोर्क या जलाशयात मात्र, माशांना आसरा मिळावा म्हणून, बरीच झाडे उभीच ठेवण्यात आली. १९८० साली तेथे पाणी अडविले गेले आणि वन बुडाले. काही निष्पर्ण खोडे पाण्यावर डोकावतात; दिसत नाहीत तीच नावेला अधिक घातक. म्हणून खुणा केलेल्या मार्गानेच नाव हाकणे शहाणपणाचे.

मासा हा शीतरक्ताचा प्राणी. हिवाळ्यात पाणी गार झाले, की त्याच्या शरीराचे व्यापार मंदावतात. भक्ष्यामागे तो फारसा धावत नाही. क्रॅपी नावाचे मासे अशा वेळी खोल पाण्यातील झाडांजवळ थव्याने जमतात. मग मासेमार खोडाशेजारी नाव स्थिर करतो, लहान माशाचे आमिष सरळ खाली सोडतो आणि वाट पाहतो. जानेवारी १९९२ मध्ये क्रॅपीसाठी टाकलेल्या अशाच एका गळाला सुमारे सव्वाआठ किलो वजनाचा बास मासा लागला. तो राज्याचा विक्रम ठरला!

परंतु खोलातून वर ओढलेल्या माशावरील पाण्याचा दाब एकाएकी कमी होतो. त्याचा वाताशय फुगतो आणि परत सोडला तरी तो बहुधा जगत नाही. ‘लहान मासा सोडून द्यावा’ हा एरवीचा उत्तम नियम येथे व्यर्थ ठरतो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात सापडलेला प्रत्येक क्रॅपी, कितीही लहान असला तरी, ठेवून घ्यावा, असा नियम तेथे करण्यात आला होता. आणि दिवसाचे २५ भरले, की क्रॅपीसाठी टाकलेला गळ गुंडाळावा लागत असे.