पोरगी काय करते?

काही महिन्यांपूर्वी आमच्या गल्लीत मुलगी बघायला पाहुणे आले होते. अकोटात अजून हा कार्यक्रम पूर्वीसारखाच होतो. पोहे झाले, चहा झाला, मुलाचं शिक्षण, शेती किती, ओलिताची किती, सगळं झालं. मग मुलाच्या आत्यानं विचारलं, "पोरगी काय करते?"

मुलीची आई जराशी अडखळली. म्हणाली, "बचत गटात हाये."

मी शेजारीच बसले होते. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, तर मीही मान डोलावली. "हो ना, माझ्याकडेही येते कधी कधी, हाताखाली मदतीला."

मैत्रिणींनो, ही पोरगी चार वर्षांपासून माझ्याकडे रोज नोकरीला येते. पोपटखेड रस्त्याला माझी खानावळ आहे आणि वर तीन खोल्या. नरनाळ्याला जाणारे, शहानूरच्या सफारीला जाणारे लोक आमच्याकडे जेवतात, मुक्काम करतात. फोनवर बुकिंग घेणं, खोल्यांचं रजिस्टर भरणं, पाहुण्यांच्या ओळखपत्रांची झेरॉक्स ठेवणं, किराण्याची यादी, गॅस सिलिंडर, सगळं तिच्याकडे. कुणाला बिनतिखटाचं लागतं, कुणाला लसूण चालत नाही, हे मला आठवत नाही, तिला आठवतं. ती दोन दिवस तापानं घरी होती, तेव्हा मी एकच खोली दोघांना देऊन बसले होते! आणि मी काय सांगितलं? मदतीला येते.

पाहुणे गेल्यावर कप उचलता उचलता ती एवढंच म्हणाली, "काकू, तुमी पन?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाहुण्यांचा निरोप दोन दिवसांनी आलाच. त्यांना कुठून तरी कळलं होतं की पोरगी 'हाटेलात कामाले जाते'. ते मागं फिरले.

आता तिच्या आईची बाजूही सांगते, कारण ती माउली खोटारडी नाही. बी.ए. झाल्यावर ही पोरगी दोन वर्षं बाहेरगावी एका लॉजच्या काउंटरवर होती. बारा-बारा तास उभं राहायचं. नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही. दिवाळीचा पगार मालकानं होळीला दिला, तोही अर्धा. एकदा रात्री एक गिऱ्हाईक दारू पिऊन काउंटरवर आलं आणि नको ते बोललं. मालकाला सांगितलं, तर म्हणाला, सांभाळून घेत जा, गिऱ्हाईक आहे. तिनं दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडली आणि घरी आली. मग आई का नाही घाबरणार? आपण ज्याला 'हॉटेलची बदनामी' म्हणतो, त्यातली अर्धी लोकांच्या तोंडाची असते आणि अर्धी अशा मालकांची.

पण लोकांच्या तोंडाचं काय करायचं, ते मला शेगावला गेल्यावर सुचलं. आपल्यापैकी कोण शेगावला गेलेलं नाही? श्री गजानन महाराज संस्थानात सेवेकरी झाडतात, पुसतात, ताटं उचलतात, रांगेतल्या माणसाला हात जोडून 'माउली' म्हणतात. त्या सेवेसाठी लोक नंबर लावून बसतात. माझ्याच नात्यातली एक बाई सेवेला जाऊन आली की चार घरी सांगत फिरते, आणि ते योग्यच आहे. पण काम तर तेच ना? चादर बदलायची, ताट वाढायचं, परक्या गावच्या माणसाची सोय बघायची. तिथं केलं की पुण्य, आणि पगार घेऊन केलं की पोरीचं लग्न मोडतं! हे गणित मला काही सुटलं नाही. वर गंमत म्हणजे, सहलीला गेलो की आपल्यालाच खोली स्वच्छ लागते, बाथरूममध्ये गरम पाणी लागतं, आणि काउंटरवर बाई दिसली की 'बरं झालं बाई' असं वाटतं. ती बाई कुणाची तरी लेक आहे, एवढंच आपण विसरतो.

आपल्या भागात हे काम वाढणार आहे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याचं एक दार आपल्या शहानूरला आहे. वर नरनाळा किल्ला उभा. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ सालचा, त्यावरचं दगडी काम बघताना मान दुखते पण नजर हलत नाही. अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं नावच नरनाळा होतं. नऊगजी तोफ आहे, शक्कर तलाव आहे. पलीकडे चिखलदरा, जिथं कॉफी पिकते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या यात्रेला किती माणूस लोटतं, हे अकोटवाल्यांना सांगायला नको. मुंडगावला पादुकांच्या दर्शनाला लोक येतातच.

लहानपणी आम्ही मीटरगेजच्या गाडीनं खंडव्याकडे जायचो, तेव्हा धुळघाटला गाडी डोंगराभोवती अशी वळायची की मागचे डबे खिडकीतून दिसत. ती गाडी १ जानेवारी २०१७ ला थांबली. अकोला ते अकोट मोठ्या रुळावर रेल्वे सुरू झाली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये. पुढची लाईन जंगल टाळून न्यायचं ठरलं आहे. जंगलासाठी ते चांगलंच झालं, पण धुळघाटचं ते वळण मनातून जात नाही.

माणसं आली म्हणजे आपोआप आपल्या पोरींच्या हातात पैसा येतो, असं मात्र नाही. नाश्ता अकोल्याला, मुक्काम चिखलदऱ्याला, आणि आपल्या गावातून फक्त गाडीची धूळ, असं खूपदा होतं. ज्या दिवशी पर्यटक आमच्याकडे जेवतो, त्या दिवशी वांगी बाजारातल्या बाईची, ज्वारी इथल्या शेतकऱ्याची, दही शेजारच्या घरचं. पुण्याहून आलेल्या लोकांना मी आधी पनीर करून घालायचे. एकदा पनीर मिळालं नाही म्हणून पातोडीची भाजी आणि भाकरी वाढली, तर त्यांनी पातेलं चाटून पुसून स्वच्छ केलं. तेव्हापासून पनीर बंद. थंडीत रोडगे आणि वांग्याची भाजी, उन्हाळ्यात कढी, ठेचा बारमाही.

भाकरी करणाऱ्या दोघींपैकी एक कोरकू आहे. मेळघाटातून उठवून आपल्या अकोट-तेल्हारा तालुक्यांत वसवलेल्या गावांपैकी एका गावची. एकदा सफारीची जीप बघून ती म्हणाली, "ज्या जंगलात म्या जळतन वेचलं, ते पाहाले हे लोक पैसे देतात का वं बाई?" ती हसली. मला हसायला आलं नाही. त्या जंगलाच्या पैशातला रुपया तिच्या हातात पडायला नको का?

या धंद्याची दुसरी अडचण म्हणजे हंगाम. पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद, मग तीन-साडेतीन महिने खोल्या रिकाम्या. मी त्या दिवसांत कॉलेजच्या मुलांचे डबे करते, म्हणून बायकांना घरी बसवावं लागत नाही. सगळ्यांना ते जमतंच असं नाही. आणि मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर चूलच बंद झाली. तेव्हा माझ्याकडे काम करणाऱ्या दोघींपैकी एकीजवळही 'मी इथं कामाला होते' असं दाखवायला कागदाचा चिटोरा नव्हता. तो मी दिला नव्हता. दुसऱ्यांच्या मालकांना नावं ठेवताना हे आठवतं.

त्या 'तुमी पन?' नंतर मी एक काम केलं. एका ओळखीच्या कर सल्लागाराकडे गेले आणि हॉटेल-खानावळीसाठी सरकारनं ठरवलेलं किमान वेतन किती, ते विचारलं. आकडा ऐकला आणि गप्प झाले. मी पोरीला त्यापेक्षा कमी देत होते! दोन वेळचं जेवण देते, घरच्यासारखं ठेवते, या समाधानात चार वर्षं काढली. घरच्यासारखं म्हणजे बिनहिशेबाचं, हे मला तेव्हा कळलं. आता तिला नेमणुकीचं पत्र दिलं आहे, पगार बँकेत जातो, महिन्याला पावती मिळते. पोळ्यापासून ताटामागं दहा रुपये वाढवले. दोन जुनी गिऱ्हाईकं कुरकुरली, एक तुटलं.

पत्र देऊन मी काही उपकार केले नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी सगळ्याच कामगारांना नेमणूक पत्र द्यायला सांगितलं आहे. आणि आयांसाठी एक गोष्ट. कामाच्या जागी छळ झाला तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं मालकानं तक्रार समिती नेमायचीच असते. माणसं कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. लॉजवर काम लागलं म्हणून पोर सांगत आली, तर 'जाऊ नको' म्हणण्याआधी विचारा, पत्र देतात का, पगार बँकेत देतात का, रात्रपाळी असेल तर घरी सोडतात का.

स्वतःचं काही सुरू करायचं असेल, तर राज्य सरकारनं २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. व्यवसाय बाईच्या मालकीचा असावा, तिनंच चालवावा, निम्म्या तरी कामगार बायका असाव्यात, पर्यटन संचालनालयाकडे नोंद असावी आणि हप्ते वेळेवर भरावेत, तर पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावर बारा टक्क्यांच्या आतलं व्याज सरकार परत करतं. ते सात वर्षं, किंवा साडेचार लाख होईपर्यंत, जे आधी होईल ते. हॉटेलांना राज्यानं १ एप्रिल २०२१ पासून उद्योगाचा दर्जाही दिला, म्हणजे निकषांत बसणाऱ्यांना वीज, पाणी, मालमत्ता कर उद्योगाच्या दरानं. पण बँकेत कर्ज मागायला गेलं की 'मिस्टर कुठं आहेत?' हा प्रश्न येतोच. मलाही आला. मी म्हटलं, "ते घरी आहेत, वांगी चिरताहेत." खरंच चिरत होते.

आणि बायांनो, गिऱ्हाईक म्हणूनही जरा आपल्याकडे बघा. चिखलदऱ्याला पंधराशेची खोली हजारात मागायची, मग त्यात चौघींच्या जागी सात जणी झोपायचं, टॉवेलला मेंदी पुसायची आणि चादरीवर चिवडा सांडायचा. हे कोण करतं? मीच केलं आहे! तो टॉवेल धुणाऱ्या बाईचा चेहरा आपण कधी पाहिला का? आता मी निघताना तिला शोधून चहापाणी देते आणि नाव विचारते.

पोरीला परवा दुसरं स्थळ आलं, परतवाड्याचं. तिच्या आईनं मला आधीच बोलावून घेतलं. "काय सांगू वं बाई या वक्ताले?" पोरीनंच उत्तर दिलं. कपाटातून पत्र आणि सहा महिन्यांच्या पावत्या काढून पोह्यांच्या ट्रेखाली ठेवल्या. मुलाच्या आईनं विचारलं, तेव्हा तिनं त्या पुढं सरकवल्या आणि म्हणाली, "खानावळ आणि खोल्या आहेत. मी तिथली व्यवस्थापक."

मुलाच्या आईनं चष्मा लावून सगळ्या पावत्या एकेक करून वाचल्या. मग विचारलं, "नरनाळ्याले गाडी वरपर्यंत जाते का वं? आमचं कधीचं राहिलं आहे." पोरीनं तिला सुट्टीचा दिवस टाळून यायला सांगितलं आणि खोलीचा दरही सांगितला. पूर्ण दर, एक रुपया कमी न करता.

निरोप अजून यायचा आहे.