मे सालोंग

मे सालोंग (अधिकृत नाव: सन्तिखिरी) हे थायलंडच्या उत्तर भागातील च्यांग राय प्रांतातील एक डोंगरी गाव आहे. म्यानमारच्या सीमेजवळ, समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेले हे गाव ऊलोंग चहासाठी प्रसिद्ध आहे. येथील बहुसंख्य रहिवासी चीनच्या युन्नान प्रांतातून आलेल्या क्वोमिंतांग सैनिकांचे वंशज आहेत. गावाभोवतीच्या डोंगरांत आखा, लाहू, लिसू इत्यादी जमातींच्या वस्त्या आहेत.

नाव

‘सन्तिखिरी’ हे नाव थाई सरकारने दिले. संस्कृत ‘शांति’ व ‘गिरि’ या शब्दांशी त्याचे नाते असून ‘शांततेचा डोंगर’ असा त्याचा अर्थ होतो. गावाची लष्करी पार्श्वभूमी आणि अफूच्या व्यापाराशी जोडली गेलेली ओळख पुसून टाकणे हा नामांतरामागील हेतू होता. बोलण्यात मात्र जुनेच नाव रूढ आहे.

इतिहास

१९४९ मध्ये चिनी यादवी युद्धात साम्यवाद्यांचा विजय झाल्यावर युन्नानमधील क्वोमिंतांगच्या काही तुकड्यांनी शरणागती न पत्करता ब्रह्मदेशात (आताचे म्यानमार) आश्रय घेतला. तेथून युन्नानवर चढाई करण्याचे त्यांचे प्रयत्न फसले. ब्रह्मदेशाने १९५३ मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत मांडला. त्यानंतर १९५३-५४ व १९६१ मध्ये हजारो सैनिकांना तैवानला हलवण्यात आले. परंतु अनेकांनी जाण्यास नकार दिला. त्यांपैकी सेनापती त्वान शी-वेन यांच्या नेतृत्वाखालील पाचवे सैन्य १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस मे सालोंग येथे स्थिरावले.

कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेल्या या सैन्याचा खर्च मुख्यतः अफूच्या व्यापारावर चालत असे. खेचरांचे तांडे डोंगरवाटांनी अफूची वाहतूक करीत. १९७० च्या दशकात या सैनिकांनी थाई सरकारच्या बाजूने साम्यवादी बंडखोरांशी लढा दिला व त्याच्या मोबदल्यात त्यांना टप्प्याटप्प्याने थाई नागरिकत्व मिळाले. या लढायांत मृत्यू पावलेल्यांचे स्मारक व संग्रहालय गावात आहे. त्वान यांचे १९८० मध्ये निधन झाले; त्यांची समाधी गावाजवळील टेकडीवर आहे.

चहा

उत्तर थायलंडच्या जंगलांत आसामी जातीचा चहा पूर्वीपासून आढळतो. त्याची पाने आंबवून ‘मियांग’ नावाने चघळण्याची प्रथा तेथे आहे. मे सालोंगचा ऊलोंग मात्र या परंपरेतून आलेला नाही. अफूला पर्यायी पीक देण्याच्या प्रयत्नांत तैवानमधून चहाची रोपे व प्रक्रियेचे तंत्र येथे आणले गेले. थंड हवा, धुके आणि उतारावरून पाण्याचा होणारा निचरा या पिकास अनुकूल ठरला. ‘जिन श्वान’ (क्र. १२) आणि ‘र्वान ची’ (क्र. १७) हे येथील प्रमुख वाण आहेत.

ऊलोंग हा हिरव्या व काळ्या चहाच्या मधला प्रकार होय. खुडलेली पाने प्रथम सुकवतात व नंतर हलवून त्यांच्या कडा किंचित दुखावतात. ऑक्सिडीकरण अर्धवट झाले असतानाच पाने तापवून ते थांबवतात. पुढे ती कापडात बांधून दाबतात व वळतात. त्यामुळे वाळलेल्या पानांच्या घट्ट गोळ्या बनतात. गरम पाण्यात त्या हळूहळू उलगडत असल्याने तीच पाने अनेकदा वापरता येतात. हा चहा दूध-साखरेविना पितात.

मळे व कारखाने बहुधा चिनी वंशाच्या कुटुंबांचे असून पाने खुडण्याच्या कामात आखा स्त्रियांचा मोठा वाटा असतो. उत्तर थायलंडमधील डोंगरी जमातींतील अनेक व्यक्तींना अद्याप नागरिकत्व मिळालेले नाही. सैनिकांच्या वंशजांचा हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला असला, तरी प्रदेशाचा सुटलेला नाही.

पर्यटन

गावात येण्यासाठी मे चान किंवा था तोन येथून घाटरस्ते आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा थंड व कोरडा काळ भेटीस सोयीचा मानला जातो. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास रानचेरीची झाडे फुलतात. पहाटेच्या बाजारात आसपासच्या वस्त्यांतील लोक भाजीपाला विकण्यास येतात. चहाच्या दुकानांत खरेदीपूर्वी चव पाहण्याची पद्धत आहे. गावावरील शिखरावर राजमाता श्रीनगरिंद्रा यांच्या सन्मानार्थ बांधलेला चैत्य असून तेथे ७०० हून अधिक पायऱ्या चढून किंवा वाहनाने जाता येते. उपाहारगृहांत युन्नानी शेवया आणि वाफवलेल्या पावासह डुकराचे मांस मिळते.