कायदा करण्याआधी विचारायचं कुणाला?

मंडळी, आधी आमची एक चूक सांगतो. आम्ही हेडमास्तर होतो तेव्हा एकदा शाळेची वेळ बदलली. दुपारची शाळा सकाळी सातला केली. पोरांना उन्हाचा ताप होऊ नये, एवढंच मनात होतं. पण आईबापांना विचारलं नाही. आठ दिवसांत मुलींच्या जागा रिकाम्या दिसू लागल्या. सकाळचं पाणी भरायचं काम घरोघरी मुलींकडेच होतं, ते आमच्या ध्यानातच आलं नाही. एका म्हातारीनं वाटेत अडवलं. म्हणाली, “मास्तर, आधी इचारायचं हुतं की!” आम्ही काय बोलणार? वेळ पुन्हा दुपारची केली.

शाळेची वेळ चटकन बदलता येते. कायदा एकदा झाला की तो बदलायला वर्षं जातात. म्हणून कायदा होण्याआधीच लोकांना विचारावं, असं दक्षिण आफ्रिका या देशानं आपल्या घटनेतच लिहून ठेवलं आहे. तिथं पूर्वी मूठभर गोऱ्यांचं राज्य होतं. काळ्या लोकांना मत नव्हतं. १९९४ साली सर्वांना मत मिळालं, आणि १९९६ साली नवी घटना झाली. देशाचे नऊ प्रांत आहेत. आपल्या राज्याला विधानसभा आहे, तशी तिथं प्रत्येक प्रांताला आहे. घटनेचं ११८वं कलम म्हणतं, की या सभेनं आपल्या कामात लोकांना भाग घेता येईल अशी सोय केली पाहिजे.

कागदावर चांगलं लिहिणं सोपं असतं. त्याची कसोटी माटाटिएले नावाच्या गावी लागली.

हा मुलूख क्वाझुलु-नाताळ प्रांतात होता. नाताळ म्हणजे गांधीजी १८९३ साली वकिलीच्या कामाला गेले तेच. (तिथल्या हिंदी लोकांचं मत काढून घेणारा कायदा आला, तेव्हा गांधीजींनी सह्या गोळा करून अर्ज केले होते.) २००५ साली प्रांतांच्या सीमा बदलणारा कायदा झाला. माटाटिएले उचलून शेजारच्या ईस्टर्न केप प्रांतात घातलं. पुष्कळ लोकांना हे नको होतं. प्रांत बदलला की दवाखाना, शाळा, कचेरी सगळ्यांचा कारभार दुसऱ्या हाती जातो.

मुलूख ज्या प्रांतात जाणार होता, त्यानं लोकांची सुनावणी घेतली. ज्या प्रांतातून जाणार होता, त्यानं घेतली नाही. लेखी म्हणणंही मागवलं नाही. गावची नगरपालिका आणि इतर काही जण देशाच्या घटना न्यायालयात गेले. १८ ऑगस्ट २००६ रोजी निकाल लागला. सीमा बदलावी की नाही, ते कोर्टानं ठरवलं नाही. ज्यांचं गाव हलवलं त्यांना बोलू दिलं नाही, म्हणून माटाटिएलेपुरता तो कायदा घटनेला धरून नाही, असं सांगितलं. चूक दुरुस्त करायला अठरा महिने दिले.

आदल्याच दिवशी याच कोर्टानं आणखी एक निकाल दिला होता. त्यात झाडपाल्याचं औषध देणाऱ्या वैदूंचा कायदा होता. बहुतेक प्रांतांनी सुनावणी घेतली नव्हती. वेळ नव्हता म्हणे! कोर्टानं बजावलं, की वेळापत्रक लोकांच्या हक्कापुढे झुकलं पाहिजे, हक्क वेळापत्रकापुढे नव्हे. आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हांला फार पटते. पैसेवाल्याचं म्हणणं कसंही वरपर्यंत पोचतं. सुनावणीची खरी गरज दुबळ्याला असते.

आता तुम्ही विचाराल, माटाटिएले परत आलं का? नाही आलं. सुनावण्या झाल्या, २००७ साली नवा कायदा झाला, आणि त्यातही ते ईस्टर्न केपमध्येच राहिलं. विचारलं म्हणजे ऐकलंच पाहिजे, असं नाही. खुत्सोंग गावाचंही तसंच झालं. ते गॉतेंग प्रांतातून काढायचं होतं. लोकांनी सुनावणीत साफ नको म्हटलं. प्रांताची सभा आधी त्यांच्या बाजूनं झुकली, मग फिरली. मत का फिरवलं, ते सांगायलाही लोकांकडे परत गेली नाही. २००८ साली कोर्ट म्हणालं, हे वागणं बरं नव्हे, पण सुनावणी झाली आहे, कायदा टिकतो. लोक मात्र गप्प बसले नाहीत. गावात जाळपोळही झाली, ती वाईट झाली. अखेर २००९ साली घटनेत बदल करून ते गाव गॉतेंगला परत दिलं.

आपल्या घटनेत ११८व्या कलमासारखं कलम नाही. पण आपल्याकडेही विधेयक कधीकधी आमदारांच्या समितीकडे जातं, आणि समिती लोकांच्या सूचना मागवते. कायद्याखाली नियम होतात, त्यांचा मसुदा पुष्कळदा आधी सरकारी राजपत्रात छापतात. त्यावर “हरकती व सूचना” असे शब्द असतात. खाली तारीख असते, आणि अर्ज कुठं पाठवायचा तेही लिहिलेलं असतं. अर्ज साध्या कागदावर, आपल्या मराठीत चालतो. कोणता नियम, आपलं म्हणणं काय, आणि त्यानं आपल्या घरात, शेतात काय फरक पडेल, एवढं लिहावं. आमच्या गावच्या त्या म्हातारीला लिहिता येत नव्हतं. तुम्हांला येतं.