राम आळीचं गिऱ्हाईक

रत्नागिरीचा बाजार चढ चढून वर गेला, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. जयस्तंभावरून माळनाका, मारुती मंदिर, साळवी स्टॉप आणि पुढे कुवारबाव असं निघालं की शोरूम, हॉटेलं, कॉम्प्लेक्स ओळीने लागतात. खाली राम आळी, गोखले नाका या जुन्या पेठेत मात्र ‘पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहिलं नाही’ ही तक्रार ठरलेली, आणि त्याचं खापर हमखास ऑनलाइन खरेदीवर फुटतं. हे निदान फार तर अर्धं खरं आहे. पेठेचा पाया मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी हलला होता. रत्नागिरीत मुंबईचा माल आणि उतारू बोटीने यायचे तेव्हा गावाचं दार समुद्राकडे होतं. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून चार महिन्यांची बेगमी मे महिन्यातच करून ठेवावी लागे. पेठ खालच्या अंगाला वसली ती समुद्राकडच्या या दारामुळेच. पुढे बोटी थांबल्या, मुंबई-गोवा रस्त्याने हातखंब्याला नवं दार उघडलं, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली तेव्हा स्टेशन मिळालं तेही गावापासून सहा-सात किलोमीटर दूर. आज आंबा घाट उतरून कोल्हापूरकडचा ट्रक येतो तो आधी पठारावर पोचतो. तो माल अरुंद आळीत उतरवत बसण्याची व्यापाऱ्याला हौस नाही.

गिऱ्हाइकाचंही तसंच. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढलेली दिसली, पण रत्नागिरी जिल्ह्याची जवळजवळ 5 टक्क्यांनी घटली. ज्या गावांच्या जिवावर ही पेठ उभी होती, तिथली तरणी माणसं मुंबई-पुण्याला आहेत. ती येतात गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. त्यामुळे पेठेचं वर्ष सलग उरलेलं नाही, ते हंगामांत तुटलं आहे. मात्र त्या हंगामात पेठ काय विकते ते नीट पाहण्यासारखं आहे. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गौरीच्या ओवशासाठी सुपं हवी असतात. बाई सूप उचलते, उलटंपालटं करून वीण बघते, कड दाबून पाहते, दोन बाजूला ठेवते आणि मग भावाची घासाघीस सुरू होते. शेजारी नारळ कानाशी हलवून घेतले जातात. आमसुलं चिमटीत धरून ओली आहेत की सुकलेली ते पाहिलं जातं. हा व्यवहार मोबाइलच्या पडद्यावर होत नाही. चार्जर, बूट, पाकीटबंद साबण यांचा होतो, आणि तो परत राम आळीत येईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मग आळीने कशावर जगायचं? माझ्या मते, एका फेरीत होणाऱ्या अनेक कामांवर. मध्यवर्ती एसटी स्टँड, जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, सरकारी रुग्णालय हे सगळं अजून जुन्या गावाच्या आसपास आहे. खेड्यातून आलेला माणूस दाखल्याच्या कामाला येतो, आणि त्यातच घड्याळाचा सेल, मिक्सरची दुरुस्ती, शिवायला टाकलेला ब्लाउज, जाताजाता भाजी अशी पाच कामं उरकतो. या साखळीतली एकेक कडी ‘ऐसपैस जागा’ म्हणून पठारावर हलवली, तर पेठ कुठल्याही मॉलशिवाय मरेल. ऑफिसला मोकळी जागा हवी हे म्हणणं खोटं नाही. पण गाडी नसलेल्या माणसाच्या दोन रिक्षा वाढतात, हा खर्च त्या हिशोबात कुणी धरत नाही. भाजीवाल्यांनाही हेच लागू आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेण्याची मर्यादा आहे. सुमारे 76 हजार वस्तीच्या रत्नागिरीला ती एकोणीसशेच्या घरात जाते. त्यांना अडथळा समजून हाकलणाऱ्या दुकानदाराला हे दिसत नाही, की भाजीला आलेली बाईच पुढे त्याच्या पायरीवर चढते.

दुकानदारांचा मोठा आक्षेप पार्किंगचा: गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक वर जाणार. जाणारच, आणि त्याला अडवण्याच्या फंदात पडू नये. ऐसपैस जागेच्या स्पर्धेत आळी पठारापुढे कधीच जिंकणार नाही. दुकानासमोर दिवसभर उभी असलेली एक मोटार (पुष्कळदा ती मालकाचीच असते) चार-पाच गिऱ्हाइकांची उभं राहण्याची जागा खाते. दिल्लीच्या चांदणी चौकात 2021 पासून दिवसा मोटारींना बंदी आहे; पुणे महापालिकेने त्याच वर्षी 11 डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक टप्पा दिवसभर वाहनमुक्त ठेवला. एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, हे कबूल. शिवाय दिल्ली-पुण्याचे दाखले रत्नागिरीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशव्या, आणि पागोळ्यांखालून चालायचं, अशा स्थितीत ‘पायी फिरा’ म्हणणं थट्टाच.

पण याला उपाय जुना आहे. मुंबईच्या हॉर्नबी रोडला, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रोडला, 1896 मध्ये इमारतींखाली पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग मार्ग ठेवण्याची सक्ती झाली. तिथे आजही भर पावसात कोरडं चालता येतं. कोकणातल्या घराला पडवी काय असते हे सांगावं लागत नाही. नव्या कॉम्प्लेक्सनी तेवढीच गाळली आणि शटर थेट गटारापाशी आणलं. पुनर्बांधणीच्या परवानगीला सलग पडवीची, आणि वरच्या मजल्यांवर गोदामांऐवजी राहत्या घरांची अट नगरपरिषदेला घालता येईल. माडीवर बिऱ्हाडं असली की संध्याकाळी साडेसातनंतरही आळीत माणूस असतो. मालक विचारील, आम्ही फुटामागे पैसे मोजलेली जागा का सोडायची? प्रश्न रास्त आहे, आणि सोडलेल्या जागेइतकं चटईक्षेत्र वर देणं हे त्याचं सरळ उत्तर आहे. अडचण वेळेची आहे. जुनी घरं एकदम पडत नाहीत, वाटण्या आणि भाडेकरूंच्या भांडणांतून एकेक करून पडतात. अट आज घातली तरी आळीची एक बाजू सलग व्हायला वीस-पंचवीस वर्षं जातील, आणि तोवर मधल्या तुटक पडव्यांना ताडपत्रीच जोडणार.