आठ सेकंद आणि पस्तीस पायऱ्या

मालाडच्या माइंडस्पेससारख्या आयटी संकुलांत आता ‘अजाईल’ हा शब्द नवा राहिलेला नाही. दोन-तीन आठवड्यांत थोडे सॉफ्टवेअर लिहायचे, ग्राहकाला दाखवायचे, तो म्हणेल तसे बदलायचे. २००१ मध्ये अमेरिकेत १७ जणांनी या पद्धतीचा जाहीरनामा काढला. जेवण मागवायच्या ॲपला ती छान चालते. पण सलाइनमधून औषध सोडणाऱ्या पंपाला?

१९८५ ते १९८७ या काळात अमेरिका-कॅनडात ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना भयंकर मात्रा दिली. त्यातले काही दगावले. टेक्सासमधल्या रुग्णांना ती ठरलेल्या मात्रेच्या सुमारे शंभर पट होती. तिथल्या सराईत ऑपरेटरने उपचाराचा चुकलेला प्रकार झटपट सुधारला. यंत्रातले चुंबक जुळायला लागणाऱ्या आठेक सेकंदांत झालेली ही सुधारणा सॉफ्टवेअरने नीट टिपलीच नाही. तशीच चूक आधीच्या मॉडेलमध्येही होती; पण तिथे फ्यूज उडत आणि रुग्ण वाचे. नव्या यंत्रात तो बंदोबस्त काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती.

अशा ठिकाणी ‘फॉर्मल स्पेसिफिकेशन’ कामी येते. ‘किरण पूर्ण ताकदीचा असेल, तर त्याच्या वाटेत धातूची चकती असलीच पाहिजे’ हा नियम गणिताच्या भाषेत मांडायचा. मग घटना कुठल्याही क्रमाने घडल्या तरी तो मोडतो का, हे संगणक त्या आराखड्यावर तपासतो. ॲमेझॉनने २०११ पासून ही वाट धरली. त्यांच्या एका डेटाबेसमध्ये ३५ पायऱ्या ठरावीक क्रमाने घडल्या तरच दिसणारी चूक अशीच सापडली. माणसाच्या चाचणीत ती सापडणे जवळपास अशक्य. आपल्याकडे पवईच्या आयआयटीतही या विषयाचे संशोधन होते.

सगळेच गणितात लिहायला गेले तर काम कधी संपायचे नाही, ही अजाईलवाल्यांची तक्रार खोटी नाही. म्हणून मधला मार्ग. पंपाचा पडदा, रंग, अहवाल हवे तितक्या वेळा बदला. मात्रेची कमाल मर्यादा, हवेचा बुडबुडा आला की थांबणे, असे मोजके नियमच गणितात बांधा आणि प्रत्येक टप्प्यात संगणकाकडून आपोआप पुन्हा तपासून घ्या.

नियमच चुकीचा असेल, तर मात्र संगणक तोही इमानेइतबारे सिद्ध करतो. बॅटरी बदलल्यावर पंपाने जुना वेग धरायचा की थांबून विचारायचे? त्याचे उत्तर रात्रपाळीच्या सिस्टरकडे असते, आणि नियम लिहिला जातो तेव्हा ती सहसा त्या खोलीत नसते.