गाडीचा धूर काय सांगतो?

डिसेंबरमधली सकाळ, सातची वेळ. बारामती-इंदापूर रस्त्यावर भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी... प्रत्येक थांब्यावर कॉलेजला निघालेली पोरं-पोरी एसटीची वाट बघत उभी. उसानं खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतो, ड्रायव्हर जोर लावतो आणि काळ्या धुराचा लोट थेट तोंडावर! कुणी ओढणी नाकाला लावतं, कुणी रुमाल. ‘हंगाम आहे, चालायचंच,’ म्हणत आपण तो धूर गिळतो. पण नेमकं काय गिळतो?

हंगाम आणि थंडी एकदमच

एरवी जमिनीलगतची हवा तापून वर जाते, तिच्यासोबत धूरही जातो. थंडीत मात्र रात्रभर जमीन गार पडते. खालची हवा थंड आणि वरचा थर उबदार, म्हणजे झाकण ठेवल्यासारखंच. ऊन वर येईपर्यंत धूर खालीच रेंगाळतो. ज्या महिन्यांत कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकची रांग लागते, त्याच महिन्यांत धुराला वाट मिळत नाही. आणि तीच आपली कॉलेजची वेळ!

डिझेलच्या धुरातले काजळीचे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही बारीक असतात. नाक ते अडवू शकत नाही. ते फुफ्फुसात खोल जातात, काही तर रक्तातही मिसळतात. खोकला आणि दम्यापासून हृदयविकारापर्यंत त्यांचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. तंबाखूचा धूरही याच गटात आहे.

शेतकऱ्याच्या घरातल्यांनी आणखी एक ऐकावं. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड्सवर ऊन पडलं, की इतर वायूंशी क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो पानांच्या छिद्रांतून आत शिरतो आणि पिकाची वाढ मंदावते. गहू आणि द्राक्षालाही त्याचा त्रास होतो.

रंगावरून ओळखा

काळा धूर : इंधन नीट जळत नाही. एअर फिल्टर तुंबलाय, इंजेक्टर बिघडलाय किंवा ओझं जास्त झालंय.

निळसर धूर : इंजिन ऑइल जळतंय. जुन्या टू-व्हीलरमध्ये हे हमखास दिसतं.

पांढरा धूर : थंडीत सुरुवातीला थोडी वाफ दिसणं नॉर्मल. गाडी तापल्यावरही थांबला नाही, तर मेकॅनिक गाठा.

धूर दिसला नाही म्हणजे सगळं ओके, असंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. म्हणून शटर बंद करून गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं.

आता आपल्या बाइकचं बघू

ट्रॅक्टरला नावं ठेवणं सोपं आहे. पण ‘फाड-फाड’ आवाजासाठी कंपनीचा सायलेन्सर काढणारे आपल्यातलेच ना? त्यासोबत बऱ्याचदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जातो. विषारी वायूंचं रूपांतर कमी घातक वायूंमध्ये करणारा हा भाग. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्या आल्या, इंधनातलं गंधकही ५० वरून १० पीपीएमवर आलं. कन्व्हर्टरच काढून टाकला, तर या सुधारणेचा उपयोग काय?

पीयूसीचंही तसंच. नव्या गाडीला पहिलं वर्ष सूट, त्यानंतर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा, जुन्यांना दर सहा महिन्यांनी तपासणी. नसेल तर १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड चुकवायला कागद घेणं वेगळं आणि गाडीची तब्येत तपासून घेणं वेगळं. नळी सायलेन्सरमध्ये घालायला लावा, आकडे स्वतः बघा.

एवढं तर जमेल

- एअर फिल्टर आणि ऑइल वेळेवर बदला, टायरमध्ये हवा नीट ठेवा. पेट्रोलही वाचेल.
- फाटकावर, थांब्यावर मित्राची वाट बघताना इंजिन बंद करा.
- एकाच गावातून चौघे चार बाइकवर येत असाल, तर दोन पुरतात. एसटीचा पास असेल, तर उत्तमच.
- घरच्या ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग हंगामाआधी करून घ्या.

बारामती एमआयडीसीत आता विजेवर चालणाऱ्या तीनचाकीही बनतात, म्हणजे बदल दारात आलाय. तो घरोघरी पोचेपर्यंत आपल्या गाडीचा धूर आपणच सांभाळायचा. थांब्यावर उभं असलेलं पोरगं आपल्याच गावचं आहे!